दार उघडे असताना

धाकटीने बारीक रबरी नळी दाराखालून बाहेर ओढली, तिचे तोंड रुमालाने पुसले, हलकेच फुंकून पाहिले आणि पुन्हा आत सरकवली. कॉरिडॉरमध्ये दोघेच होते: गुडघ्यांवर बसलेली ती, आणि भिंतीला टेकून नखाने रंगाचा पोपडा खरवडत उभे असलेले भाऊजी. बंद दारामागे गाळलेली हवा एकसारखी खाली उतरत होती. कोणी बोलायला तोंड उघडावे आणि शब्द न सापडून ते तसेच उघडे राहावे, तसा त्या हवेचा आवाज येत होता.

दाराशेजारच्या भिंतीवरचे दाबाचे गेज पंधरा पास्कल दाखवत होते. तिच्या हातातला मीटर दोन.

ज्यांच्या रक्तात जंतूंशी लढायला कोणी उरलेले नसते, अशा रुग्णांसाठी ही खोली होती. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे प्रत्येक फटीतून हवा बाहेरच जाते. खोकला, धूळ, कोणाचा उच्छ्वास आत शिरत नाही. पंधरा असले की खोली स्वतःची राखण करते. दोन असले की दाराजवळून कोणी झपाट्याने गेले तरी हवेची दिशा फिरते.

आज दुपारी या खोलीत ताई यायची होती. धाकटीची थोरली बहीण, भाऊजींची बायको. औषध सुरू झाले की तिच्या अंगातली उरलीसुरली ताकद धुऊन निघणार होती, आणि खोली तपासून पास झाल्याशिवाय डॉक्टर औषध सुरू करणार नव्हते. या रुग्णालयाची हवेची सगळी यंत्रणा भाऊजी सांभाळत. तपासणी मात्र बाहेरच्या कंपनीने करायची, आणि त्या कंपनीत धाकटी होती. दुसऱ्या कोणाला पाठवा, असे तिने साहेबांना विनवले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. दुसरे कोणी मोकळे नव्हते. साहेब हसून म्हणाले होते, मग चावू नका.

"झिरो केलंस का?" भाऊजींनी विचारले.

"दोनदा."

"नळ्या काढून?"

तिने मान वर केली. नळ्या लावून मीटर शून्यावर आणणे म्हणजे पारड्यात माल ठेवून काटा जुळवणे, हे तिला त्यांनीच शिकवले होते. ती कॉलेजात होती तेव्हा, जेवणाच्या टेबलावर, दोन ग्लास आणि एक स्ट्रॉ घेऊन. ताई ओरडत होती, पाणी सांडवू नका, आणि दोघे सांडवत होते.

"नळ्या काढून, भाऊजी."

"मग बॅटरी बघ. नाजूक असतात गं तुमची ही खेळणी. हे भिंतीवरचं बघ, गरीब गाय. सकाळपासून जागचं हललं नाही."

"तेच बघतेय मी."

वाहत्या हवेचा आकडा कधी स्वस्थ बसत नाही. लिफ्ट आली की थरथरतो, कुठे दार आपटले की दचकतो. दोन जिवंत जागांमधले अंतर ते. ते सारखे श्वास घेते. हे गेज मात्र काहीच ऐकू येत नसल्यासारखे पंधरावर बसले होते. धाकटी उठली. तिचा हात दाराच्या मुठीकडे गेला.

"दार नको उघडूस," भाऊजी भिंतीपासून सुटे झाले. "कशीबशी घडी बसलीय. बिघडेल सगळं."

"बिघडलं तर पुन्हा बसेल की."

"अगं, मेहुणीबाई, ऐक तरी..."

तिने दार सताड उघडले.

आता खोली आणि कॉरिडॉर एकच झाले होते. मधे काही उरले नव्हते, म्हणून फरकही उरायला नको होता. तिचा मीटर मुकाट्याने शून्यावर आला. भिंतीवरचा आकडा चौदा झाला, तेरा झाला आणि तिथे थांबला. आरपार उघड्या दाराशेजारी तो तेरा सांगत राहिला.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?" ती हळूच म्हणाली.

भाऊजी बाकावर बसले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले.

तिने शिडी ओढली, वर चढली, फॉल्स सीलिंगची एक चौकट उचलली. गेजच्या दोन नळ्यांपैकी एक खोलीत जात होती; दुसरी कॉरिडॉरच्या भिंतीतल्या छिद्रापाशी यायला हवी होती. ती वरच्या अंधारातच संपत होती. सगळ्या मजल्याची वापरलेली हवा पंखे जिथून ओढून घेतात, त्या पोकळीत. त्या ओढीच्या तुलनेत कुठलीही खोली भरलेलीच ठरली असती. नळीचे टोक नव्या क्लिपने तारेला नीट बांधले होते आणि तिरके कापले होते. नळी तिरकी कापायची सवय तिने एकाच माणसाच्या हाताला पाहिली होती. ही विसरून झालेली चूक नव्हती. फार काळजीने केलेले काम होते.

"गळती सापडत नाही," खालून भाऊजींचा आवाज आला. "दिव्यांच्या कडा भरल्या, पाइपांची भोकं भरली. पंखा वाढवला की शेजारच्या खोल्या पडतात. अजून चार दिवस तरी जातील."

"मग जाऊ देत."

"वॉर्डात तुझ्या ताईच्या समोरच्या खाटेवरचा म्हातारा खोकतो. तू ऐकलंस कधी? मी रोज ऐकतो. दोन तर दोन, इथली हवा बाहेर तरी जातेय. तिथे हवेला दिशाच नाही."

"तिथे तिच्या अंगात थोडी तरी ताकद आहे, भाऊजी. इथे आणून तीही काढून घेणार."

"डॉक्टर म्हणतात, फार थांबता येणार नाही."

"फार म्हणजे किती?"

"ते नाही सांगत कोणी."

तिने क्लिप सोडली आणि नळीचे टोक ओढून खाली कॉरिडॉरमध्ये लोंबत सोडले. उतरून दार लावले. गेजवरचा आकडा कोसळला, अडखळला आणि एक-दोनच्या मधे थरथरू लागला. सकाळपासून पहिल्यांदाच तो जिवंत वाटला.

लिफ्टचे दार उघडले. नर्सने चाकाची खुर्ची आणून बाकापाशी उभी केली आणि चादरी आणायला परत गेली. मास्कच्या वर ताईचे फक्त डोळे होते, आणि ते हसत होते.

"काय गं, अजून मोजतेसच? खोली देणार आहेस की कपडे शिवणार आहेस तिचे?"

ताईने शिडी पाहिली, उघडी चौकट पाहिली, लोंबती नळी पाहिली. मग गेज पाहिले. हवेच्या माणसाशी संसार केला होता तिने. किती असावे लागते, हे तिला कोणी सांगायला नको होते.

"सकाळी गेजचा फोटो पाठवलात तेव्हा पंधरा होते," ती नवऱ्याला म्हणाली.

भाऊजी तळव्यांकडेच पाहत राहिले. ताई बराच वेळ त्यांच्या वाकलेल्या मानेकडे पाहत होती. ती रागावेल म्हणून धाकटी वाट पाहत होती. रागावली असती तर बरे झाले असते.

"तो म्हातारा खोकायला लागला की मी श्वास धरून ठेवते," ताई शांतपणे म्हणाली. "त्याचं थांबेपर्यंत. हल्ली त्याचं थांबतच नाही." तिने नळीकडे बोट केले. "लाव ती परत वर."

"ताई, दोन आहे फक्त."

"दिसतंय मला. मोजमाप तुझं असेल, जीव माझा आहे ना?"

"म्हणूनच..."

"लहानपणी तुझं किती खोटं मी आईसमोर पचवलं. एक खोटं माझ्यासाठी बोल. काहीच बोलूही नकोस, नुसती नळी वर कर."

भाऊजींनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जिंकल्याचे काही नव्हते. दारात उभ्या असलेल्या माणसाने आत बोलावले जाण्याची वाट पाहावी, तसे ते धाकटीकडे पाहत होते.

तिने मीटर बंद केला. दाराखालची नळी काढून बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. वाकून ताईच्या पायांवरून घसरलेली शाल वर ओढली, कडेने खोचली. ताईने तिचे मनगट धरले. बोटे गार होती, आणि पकड वाटली होती त्याहून घट्ट.

"करशील ना?"

धाकटीने मनगट सावकाश सोडवून घेतले. डॉक्टरांची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होती. दार अर्धे उघडे होते आणि आत कोणीतरी खुर्ची सरकवत होते. ती तिकडे चालू लागली. मागून ताईने हाक मारली, घरातल्या नावाने, लहानपणी अंधाऱ्या जिन्यावरून मारायची तशी, अर्धीच.

तिने ओ दिली नाही.