तांबुळगावची गस्त

पहिल्यांदा दिवे दिसले ते शिवना नदीपलीकडच्या टेकडीवर. तांबडा, हिरवा, पुन्हा तांबडा. दिवेलागणीची वेळ होती. ते दिवे गावावरून घुं घुं करत एक फेरी मारून देवगाव रंगारीच्या अंगाला निघून गेले. कुणी म्हणालं ड्रोन आहे, कुणी म्हणालं चोर वरून घरं हेरतायत. त्याच आठवड्यात मळ्यातून पाण्याच्या दोन मोटारी गेल्या आणि मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

तांबुळगाव म्हणजे निजामाच्या काळातली पेठ. तेव्हा इथं कापड रंगवणाऱ्यांची घरं होती, नदीचं पाणी खालच्या अंगाला निळं वाहायचं, असं जुनी माणसं सांगत. आता रंगारी गेले आणि वेशीचे दोन बुरूज तेवढे राहिले, एकावर मोबाइल कंपनीची जाहिरात घेऊन. वेशीला लागूनच लक्ष्मीबाईची पिठाची गिरणी. नवरा बन्सी वारल्यापासून तीच चालवायची. साठी उलटली तरी गव्हाचं पोतं एकटी उचलून ठेवी. गावातल्या कुठल्या घरात ज्वारी खातात, कुठं बाजरी, कुणाकडं पाहुणे आलेत, हे तिला दळणाच्या डब्यावरून कळे.

तिचा मुलगा गोकुळ वाळूजच्या कंपनीत गाडीवर ड्रायव्हर होता. दिवे दिसले तसा तो रजा टाकून घरीच राहिला. मोबाइलच्या दुकानातला ऋतुराज, गोकुळ आणि आणखी पंधरा-वीस जण शिट्ट्या अन् काठ्या घेऊन गस्त घालू लागले. वेशीत फलक लागला : अनोळखी व्यक्तीस गावात प्रवेश नाही.

एका संध्याकाळी कडुबा दळण घ्यायला आला. कडुबा बौद्धवाड्यातला, एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. गोकुळनं त्याला गिरणीच्या दारातच गाठलं.

"कडुबामामा, तुमच्याकडची चार पोरं धाडा की गस्तीला."

कडुबानं डब्याचं झाकण नीट बसवलं. "या वेशीची काठी माझ्या आज्यानं जन्मभर वागवली, गोकुळ. पहारा आमच्याकडंच असायचा. धर्म बदलला तवा बापानं ती काठी चुलीत घातली. आता मी पोरांच्या हातात परत देऊ व्हय?"

"आता तसं नाय, मामा. आता आमी बी हावोत की संगं."

"म्हनून तर भ्या वाटतंय," कडुबा म्हणाला आणि डबा खांद्यावर घेऊन निघून गेला.

गोकुळ हसला. लक्ष्मीबाईही हसली. त्या दिवसांत सगळं हसण्यावारी जायचं. नंदीबैलवाल्याला वेशीतूनच परत लावलं. शहरातून फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या पोराला आधार कार्ड दाखवूनही उन्हात उकिडवं बसवून ठेवलं, त्याचा व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला. गस्तीतून आलेल्या पोरांना लक्ष्मीबाई स्वतः चहा करून देई. गावाची राखण करतात पोरं, असं तिला वाटे. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण मात्र यायची बंद झाली, आणि कुणीच तिची चौकशी केली नाही, हे तिला जरा खटकलं. पण तेवढंच.

मग गिरणीचे दगड बोथट झाले. पीठ तापून आणि भरड निघू लागलं, बायका कुरकुरू लागल्या. दगडाला टाकी लावायला, छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायला, दरवर्षी पडेगावचा सायबू यायचा. जातीचा वडार, छिन्नीवर हात असा की दगड बोलता व्हायचा. तिनं त्याला फोन लावला.

"आक्का, सध्या गावोगाव लई तपासतेत," सायबू म्हणाला. "यायचं मन व्हत नाय."

"माझं नाव सांग. गिरणीत आलोय म्हन. कोन हात लावतो ते बघू."

त्या संध्याकाळी जेवताना तिनं गोकुळला सांगितलं, बाजाराच्या दिवशी सायबू येणार आहे. गोकुळ मोबाइलवर काहीतरी बघत होता. "हं," म्हणाला.

बाजाराच्या दिवशी ऊन चटकत होतं. गिरणीत बायकांची रांग होती, पट्टा सटसट वाजत होता. दुपारच्या सुमाराला बाहेरचा गलका एकाएकी थांबला. मिरच्यावाली ओरडायची थांबली, बांगडीवालाही थांबला. रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या. एक जण पळत आला आणि दारातून सांगून गेला, "पोरं पळवणारा धरला. पोरीसगट धरला."

एक बाई हातातला डबा तिथंच टाकून आपलं लेकरू बघायला धावली. लक्ष्मीबाईनं बटण बंद केलं. पट्टा थांबायच्या आधीच ती दाराबाहेर पडली होती.

वेशीत माणसांचं कडं झालं होतं. मधे सायबू मातीत बसलेला. डोक्याचा रुमाल गेला होता, कानाजवळून रक्त येत होतं. त्याच्या शर्टाला धरून सहा-सात वर्षांची पोरगी ओरडत होती. ती त्याची नात. तिची आई बाळंतपणाला दवाखान्यात, म्हणून तो तिला बरोबर घेऊन आला होता. बाजारात तिला तहान लागली, ती रडू लागली. म्हातारा काळा आणि पोरगी गोरी, हे ऋतुराजनं बघितलं आणि मोबाइल काढला. पिशवीत हातोडी आणि छिन्न्या निघाल्या. एवढं पुरलं.

"गिरनी... लक्ष्मीआक्का... गिरनी," सायबू म्हणत होता. त्याचं ऐकायला तिथं कुणी उभंच नव्हतं.

ती माणसं ढकलत आत शिरली तेव्हा गोकुळ समोर होता. काठी वर गेलेली. त्याची नजर आईच्या नजरेला भिडली. तिला वाटलं, आता थांबेल. सायबूनं उजवा हात आडवा धरला आणि काठी त्या हातावर उतरली. हाडाचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

लक्ष्मीबाई मधे जाऊन उभी राहिली. "हा माझा मानूस हाये. मीच बोलावलाय."

"आक्का, बाजूला व्हा," कुणीतरी म्हणालं.

"तुमाला म्हाईत नाय, ही टोळी असती," दुसरं कुणी.

मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. इतक्या वर्षांत या गावात तिच्या पदराला कुणी हात लावला नव्हता. तेवढ्यात पलीकडून कडुबा आला. त्यानं सायबूला काखेत धरून उभं केलं. लक्ष्मीबाईनं पोरीला कडेवर घेतलं. तिघं मोठी माणसं एकमेकांना खेटून गिरणीपर्यंत आली, आणि कडुबानं शटर खाली ओढलं.

आत अंधार आणि पिठाचा वास. शटरवर दगड बसू लागले. कडुबानं पोलिसांना फोन लावला, हलक्या आवाजात पत्ता सांगितला. पोरगी पाणी प्यायली आणि गप्प झाली. सायबू पोत्याला टेकून बसला होता, हात मांडीवर ठेवून, तो हात आपला नव्हेच अशा नजरेनं त्याच्याकडं बघत.

लक्ष्मीबाई शटरजवळ उभी राहून ऐकत होती. बाहेर जो जो ओरडत होता, त्याचा त्याचा डबा तिला ठाऊक होता. हा पितळी कडीवाला. हा बाजरीवाला. हा कालच लेकीच्या बारशाचं दळण घेऊन गेलेला. अनोळखी आवाज एकही नव्हता.

पोलिसांची गाडी आली तेव्हा काठ्या कुठं गेल्या कळलंही नाही. फौजदारानं विचारलं, कुणी मारलं? कुणीच काही बघितलं नव्हतं. गर्दी होती, साहेब. मग त्यानं लक्ष्मीबाईला विचारलं. गोकुळ पाराजवळ उभा होता, त्याची बायको मंजुषा त्याच्या मागं. मंजुषानं सासूकडं बघून मान हलवली, नाही, नाही.

"आधी कुनी मारलं ते मी बघितलं नाय," लक्ष्मीबाई म्हणाली. "हात मोडला तो गोकुळनं. माझा ल्योक हाये."

एवढं बोलून ती खाली बसली.

गोकुळला नेलं, ऋतुराजला नेलं. सायबूच्या हातात ऑपरेशन करून स्टीलची पट्टी घातली. कडुबा पडेगावला जाऊन त्याला बघून आला. हात राहील, पण पकड येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सायबू कडुबाशी बोलला, चहा पाजला, फक्त तांबुळगावचं नाव त्यानं काढलं नाही.

गिरणी बंद पडली. दगडाला टाकी लावायला दुसरा कुणी यायला तयार होईना, आणि भरड पीठ दळून द्यायचं म्हटलं तरी दळण घेऊन कोण येणार? बायका देवगावला जाऊ लागल्या. मंजुषा घरात वावरे, सासूचं ताट वाढी, पण तोंड उघडत नसे. ते दिवे कसल्याशा मोजणीचे होते, असं तहसीलमधून कळलं. गावात कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

महिन्याभरानं पोरं जामिनावर सुटली. वेशीत त्यांना हार घातले, गुलाल उधळला. गोकुळ घरी आला तेव्हा त्याच्या कानामागं गुलाल तसाच होता. तो जेवायला बसला. लक्ष्मीबाईनं भाकरी वाढली.

"मला दिसलंच नाय, कोन हाये ते," गोकुळ म्हणाला.

"दिसलं. तू माझ्याकडं बघितलं व्हतं."

खाली मान घालून त्यानं जेवण उरकलं, हात धुतला, आणि दाराच्या चौकटीत उभा राहून बाहेर बघत म्हणाला, "आई, पोरं म्हनतेत, आपल्या घराच्या अंगाला आता गस्त फिरनार नाय. तू आतून कडी लावून घेत जा."

हे तो मुलगा म्हणून सांगत होता की त्यांच्यातला एक म्हणून, ते तिला त्याच्या पाठमोऱ्या अंगावरून कळेना. तो पायऱ्या उतरून पोरांकडं निघून गेला.