चामडं आपोआप बसतं

जावयाने गाडी आणली, पण ती स्वतःच्या चाकांवर काही आली नाही. दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून आली. दोन माणसांची स्पोर्ट्स कार, एकेकाळी लाल असलेली, वयाने जावयापेक्षा सहा वर्षांनी थोरली. ती खाली घेताना पुढचा एक दिवा हमालाच्या हातातच राहिला. हमालाने तो अदबीने जावयाच्या हाती दिला.

"सहा महिन्यांत रस्त्यावर आणतो बघा, आई," जावई म्हणाला.

"आणाल हो. आपल्या सगळ्यांनाच आणाल," दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या.

जावई विमा कंपनीत होता. लोकांचे दावे का नामंजूर झाले याची पत्रं लिहिणं हे त्याचं काम, आणि ते तो मनापासून करी. त्यामुळे मोडलेली कुठलीही वस्तू पाहून चूक कुणाची हे तो तिथल्या तिथे सांगे. वस्तू दुरुस्त करण्याचा योग मात्र तोवर आला नव्हता. तो आता आला.

गाडी उघडली गेली. म्हणजे इतकी उघडली गेली की गॅरेजमध्ये गाडी अशी उरलीच नाही. कार्ब्युरेटर स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत होता, दाराचे हँडल ओव्हनमध्ये रंग भाजून घेत होते, आणि फ्रीजमधल्या भाज्यांच्या पिशव्या हळूहळू नटबोल्टांच्या कामी गेल्या. प्रत्येक पिशवीवर जावयाने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती. निम्म्या चिठ्ठ्यांवर 'बहुधा' हा शब्द होता.

आधी म्हणे गाडी मूळ रूपात आणायची होती. त्यासाठी त्याने जुन्या घडणीचा एकेक स्क्रू शोधून मागवला. मग मूळ रूप येऊ लागलं तसं ते त्याला बेचव वाटायला लागलं. म्हणून मूळ स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या, तेव्हा गाडी जमिनीला पोट टेकायच्या बेतात आली. सायलेन्सर असा बसवला की सायलेन्स तेवढा गेला. स्टिअरिंग ताटलीएवढं केलं.

"जुनं जपायचं आणि बदलायचंही, हे कसं काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"ते इंजिनिअरिंग आहे, आई. तुम्हाला नाही कळायचं."

एकतीस वर्षं सासूबाई बसच्या कारखान्यात सीट विभागात होत्या, शेवटची नऊ वर्षं तर विभागप्रमुख. पण जावयाच्या हिशेबी ते 'शिवणकाम' होतं. पडदे, उशांचे अभ्रे, त्याच रांगेतलं.

लेक नर्स होती. ड्यूटी करून थकून यायची, गाडीखालून नवऱ्याचे फक्त पाय दिसायचे, ते ओलांडून आत जायची. आईने कधी काही म्हटलं तर म्हणे, "निदान घरात तरी असतो गं."

अडीच वर्षांनी गाडी जोडून चालू झाली आणि सीटांची पाळी आली. जावयाने शिवून तयार चामडी खोळी मागवल्या, तीन व्हिडिओ पाहिले आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम करकरून दोन्ही सीटांवर खेचून बसवल्या. कोपऱ्यांत फुगे आले. मधोमध सुरकुत्या पडल्या. कडेचा गोट नागमोडी चालला होता.

"माझ्या गालांसारखंच दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

"काळजी नको. चामडं आपोआप बसतं. वेळ द्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला, पक्कड घेतली आणि एक सीट उलटी केली. दोष खोळीत नव्हताच. आतले रबरी पट्टे लोंबत होते, स्पंजाचा भुगा झाला होता, आणि जावयाने त्यावरच थाटात चामडं चढवलं होतं. त्यांनी आतलं गोणपाट सोडवलं. त्यावर जुन्या हातचे टाके होते. एका कोपऱ्यात ते वाकडे गेले होते, उसवून पुन्हा घातले होते. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत चुकलं होतं आणि वरचा साहेब यायच्या आत निस्तरलं होतं. सासूबाई तिथेच पाटावर बसल्या. त्या टाक्यांवरून बोट फिरवताना त्यांना एकदम भरून आलं. आपल्या हातच्या हजारो सीटा आता कुठे असतील, कुणी उसवल्या असतील का, असलं काहीबाही मनात येत राहिलं. ते कोपऱ्यातले टाके त्यांनी तसेच ठेवले.

चार दिवस त्या खपल्या. नवे पट्टे ताणले, नवा स्पंज कापला, कोपऱ्यात चढ-उतार दिला, खोळीचे कोपरे उसवून गोट पुन्हा फिरवला. जावई यायच्या आधी रोज वर चादर टाकायची. पाचव्या दिवशी चादर काढून ठेवली.

जावई आला, थबकला, सीटवर बसला. उठला, पुन्हा बसला. चामड्यावरून हात फिरवला.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं? बसलं की नाही आपोआप?"

सासूबाईंना इतका ठसका लागला की लेक पाणी घेऊन धावत आली.

पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या क्लबाचं प्रदर्शन होतं. लेकीची ड्यूटी होती, म्हणून शेजारच्या सीटवर सासूबाई गेल्या. मैदानावर परीक्षक आले, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा. स्प्रिंगा पाहून त्यांनी डोळे मिटले. सायलेन्सरचा आवाज ऐकून वहीत बराच वेळ लिहिलं. मग सीटशी वाकले, बोटं गोटाखाली सरकवली आणि तशीच ठेवली.

"हे कुणी केलं?"

"मीच. घरच्या घरी," जावई म्हणाला.

"कोपऱ्यात गोट कुठे दुमडलेला नाही. कसा फिरवलात?"

जावयाने तोंड उघडलं. "म्हणजे... गरम करून. मग ते आपोआप..."

"आतून नखाएवढ्या खाचा द्यायच्या," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांना बोलायचं नव्हतं, पण चुकीचं उत्तर त्यांना ऐकवेना. "चामडं आधी ओलसर करायचं. आणि टाका उलट बाजूने सुरू करायचा, नाहीतर ताण एकीकडेच येतो."

परीक्षक ताठ उभे राहिले. त्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि वहीतलं काहीतरी खोडलं. पाच मिनिटांत चार गाडीवाले सासूबाईंभोवती आपापल्या सीटांची दुखणी सांगत उभे. जावई एकटाच बॉनेट पुशीत राहिला. ते आधीच चकचकीत होतं.

परतताना मैदानाच्या फाटकाशी गतिरोधक होता. गाडी त्यावर पोटाने टेकली ती टेकलीच. सासूबाईंना उतरायचं होतं, पण इतक्या खोल सीटमधून त्यांचे गुडघे त्यांना उठू देईनात. शेवटी चार जणांनी त्यांच्यासकट गाडी उचलली. मागून ढकलताना जावई लालबुंद झाला होता. परीक्षकही हातभार लावत होते, आणि समाधान लपवत नव्हते.

बराच रस्ता सायलेन्सरच बोलत होता.

"आई," शेवटी जावई ओरडून म्हणाला, "मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का नाहीत? एकाच भिंतीपलीकडे होते मी."

जावयाने हा दावा मंजूर केला. तो म्हणाला, "मी केलं म्हणालो. सगळ्यांसमोर. चुकलंच माझं."

"चुकलंच," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्याने सासूबाईंना गॅरेजमध्ये बोलावलं. आखूड स्प्रिंगा निघाल्या होत्या. गाडी जॅकवर होती; मूळपेक्षाही उंच स्प्रिंगा बसवायच्या, फक्त किती उंच ते ठरायचं होतं.

"बसा जरा," तो म्हणाला. "आणि उठून दाखवा."

सासूबाई बसल्या. उठताना दाराला धरावं लागलं.

"क्लबवाले काय म्हणतील?"

"म्हणू देत. गुडघा दुखला?"

"थोडा."

त्याने जॅक फिरवला. "आता?"

त्या पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, आणि पदराने घाम टिपत म्हणाल्या, "अजून दोन बोटं वर घ्या."