मावशीच्या तळ्याचे दोन रंग

माझी मावशी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. कापडाला जुळणारा दोरा ती रिळांच्या कपाटातून न बघता काढते, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. न बघता नव्हे, एकदाच बघून. पण मावशीने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. काम सोडल्यावर तिने चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेतला आणि धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन बर्फाच्या डोंगरातल्या तळ्याकाठी फिरायला गेली.

तिथून घरच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. आई सांगते, पाय कितीही दुखत असले तरी खोलीवर आल्याआल्या मावशी फोटोंना बसायची. ॲपमधले तयार फिल्टर तिला रेडीमेड कपड्यांसारखे वाटायचे, कुणालाच नीट न बसणारे. ती एकेक पट्टी बोटाने सरकवून रंग जुळवायची. चौकट नेमकी, होडी बरोबर कोपऱ्यात. रंग मात्र भलतेच. बर्फ निळा, आकाश निळं, आईचे गालसुद्धा निळे.

"मावशी, तळ्यात शाई सांडली का?" माझ्या भावाने लिहिलं. त्यावर सगळे हसले.

त्या परतल्यावर मी भेटायला गेले, तर मावशी घुश्शातच होती.

"सगळी हयात लोकांनी माझ्या नजरेवर भरवसा ठेवला. आता ही पोरं मला रंग शिकवणार."

"पण इतका निळा का करतेस गं?"

"निळा कुठे? पांढरा करते. बर्फ पांढरा नको दिसायला? फोनमध्ये मेला पिवळट येतो. आणि खरं सांगू, तिथलाही बर्फ मला जरा मळकाच वाटला."

"मळका?" आई आतून बाहेर आली. "डोळे दिपत होते, ताई."

खिडकीला कोराकरकरीत पांढरा पडदा होता. मी त्याचं टोक पुढे केलं. "हा रंग कोणता?"

"सायीचा," मावशी ताबडतोब म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला नाकी नऊ आले. शेवटी आम्हाला खोटं पाडायचं म्हणूनच ती आली.

डॉक्टरीण तरुण होती. "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आतलं भिंग पिवळं पडलंय. हळूहळू पडतं, म्हणून लक्षात येत नाही."

"मावशी म्हणा," मावशी म्हणाली. "म्हणजे मी पिवळ्या काचेतून बघून रंग जुळवत होते?"

"हो."

"आणि तरी पांढरा काढला."

"तुमच्या डोळ्यापुरता अगदी बरोबर काढलात," डॉक्टरीण म्हणाली.

परत येताना मावशी ताठ बसली होती.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने फोन मागितला. तिने तळ्याचा फोटो उघडला, एक डोळा मिटून बघितला, मग दुसरा.

"अगं बाई, ही तर खरंच शाई आहे," ती म्हणाली आणि डोळ्याला ताण पडेल म्हणून आई ओरडेपर्यंत हसत राहिली.

मग मूळ फोटो काढून तिने नव्या डोळ्याने पुन्हा रंग जुळवले. बर्फ शुभ्र झाला आणि खाली पाणी हिरवं निघालं. "मी तिथे काठावर उभी होते," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मला हे हिरवं दिसलंच नाही." तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडून ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'डावा जुन्या डोळ्याचा, उजवा नव्याचा. दोन्ही माझेच.' भावाने फोन करून माफी मागितली. तिने ती ऐटीत स्वीकारली.

तपासणीच्या वेळी डॉक्टरिणीने ती जोडी बघितली. "पेशंटना समजावून माझा घसा बसतो. हा फोटो मला भिंतीवर लावायला द्याल?"

"देईन. पण छापून आल्यावर रंग मी तपासणार."

पहिली प्रत तिने परत पाठवली. हिरव्यात किंचित राखाडी आलं होतं. छापणारा कुरकुरला, मग उजेडात धरून बघितल्यावर त्याने मुकाट्याने दुसरी काढली.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आम्ही त्याच फोटोखाली बसलो होतो. एक वयस्कर गृहस्थ जवळ जाऊन तो न्याहाळत होते.

"मला तर डावाच बरोबर वाटतो. उजव्यात सगळं पिवळं पिवळं आहे."

"मग तुम्ही योग्य ठिकाणी आलात," मावशी म्हणाली.

ते वळले. "तुम्ही काढलाय?"

"मीच. रंगही मीच जुळवलेत, दोन्ही वेळा." तिने त्यांना शेजारची खुर्ची दाखवली आणि फोन उघडला. "बसा. कसं करायचं ते दाखवते."

नर्सने तिला आत बोलावलं. मावशीने मान वर न करता हाताने थांबायची खूण केली, आणि नर्स खरोखरच थांबली.