कासवाची उडी

मास्तरांनी पस्तीस वर्षं कपडे बेतले, शिवले, आणि शेवटी उजव्या अंगठ्याने दगा दिला. डॉक्टरांनी छोटं ऑपरेशन करून बजावलं, "दोन महिने कात्रीला हात लावायचा नाही. पण अंगठा हलता राहिला पाहिजे." दुकानाला कुलूप लागलं. मास्तर घरात येरझारा घालू लागले, बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसू लागले. चौथ्या दिवशी ती लेकीला फोनवर म्हणाली, "यांना कशात तरी गुंतव, नाहीतर मी माहेरी जाते."

लेक गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. रविवारी ती आली आणि तिने वडिलांच्या हातात खिशात मावेल एवढं यंत्र ठेवलं. पडद्यावर एक कासव पाठीवर गाठोडं घेऊन उभं होतं. डाव्या हाताने त्याला चालवायचं, उजव्या अंगठ्याने बटण दाबून उडी मारायची. फळ्या, फांद्या, छपरं ओलांडत डोंगरमाथा गाठायचा.

"आणि पडलं तर?"

"बेडूक येऊन उचलून वर ठेवतो. कुणी मरत नाही, वेळेचं बंधन नाही. आरामात खेळा, बाबा."

"कसला हा पोरखेळ," म्हणत मास्तर जे बसले, ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. आठवड्याभरात चार डोंगर झाले. कासव चाललं की गवत वाकायचं, सावलीत गेलं की पाठीचा रंग उतरायचा. "काम सफाईचं आहे," ते बायकोला म्हणाले. "आतली शिवणसुद्धा सरळ."

पण उडीत काहीतरी खोट होती. बटण दाबल्यावर कासव क्षणभर उशिरा उडायचं. सपाट जमिनीवर हा उशीर खपून जायचा. पाचव्या डोंगरावरच्या झुलत्या पुलावर मात्र मास्तर चौदा वेळा पाण्यात गेले. शिवाय पाट्यांवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि तीच ती धून ऐकून कान किटलेले.

"मग सांगा की तिला," बायको म्हणाली.

"वर्षभर खपलीय पोर. उडी तर तिनेच बसवलीय."

"दुसऱ्याने शिवलेला कोट दिसला की बाही कुठे चुकली ते न विचारता सांगता. लेकीलाच का सवलत?"

पुढच्या रविवारी मास्तरांनी सांगून टाकलं. लेकीचा चेहरा उतरला. "ऑफिसात सगळ्यांनी खेळून बघितलंय, बाबा. तुमचा अंगठा अजून बरा नाही, म्हणून तसं वाटत असेल."

मास्तरांनी अंगठा वाकवून दाखवला. मग म्हणाले, "अंगठा रोज थोडा सुधारतोय. उडी का सुधारत नाही? पहिल्या दिवशी जेवढा उशीर होता, तेवढाच आजही आहे."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना ऑफिसात घेऊन गेली. दोन टेबलं, पाच माणसं आणि वायरींचा गुंता. एकाने खेळणाऱ्या अंगठ्याचं चित्रण केलं आणि ते संथ करून सगळ्यांना दाखवलं. कासव बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर उडत होतं. ऑफिसातली मंडळी बटणाला नुसती टिचकी मारायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मास्तर कापड दाबावं तसं अंगठा टेकवून दाबायचे.

"ही चूक माझीच," लेक कपाळाला हात लावून म्हणाली आणि तिथेच दुरुस्तीला बसली.

अर्ध्या तासाने मास्तरांनी पूल पहिल्या झटक्यात पार केला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मास्तर लाजले. पाट्यांवरची अक्षरंही मोठी झाली. धून मात्र लेकीला फार आवडायची, तिने ती बदलली नाही. मास्तर आवाज बंद करून खेळू लागले.

नवव्या डोंगरावर खेळ संपला तेव्हा त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. "आणखी दोन डोंगर हवे होते," त्यांनी फोनवर तक्रार केली.

"कापड तेवढंच होतं, बाबा."

मास्तर किती तरी वेळ हसत राहिले.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी अंगठा वाकवून, ताणून पाहिला आणि मान डोलावली. दुकान उघडलं. दुपारी जेवायला घरी यावं तर स्वयंपाकघरात सामसूम. बायको खिडकीशी बसून तिसरा डोंगर चढत होती.

"दोन मिनिटं थांबा," ती मान वर न करता म्हणाली. मास्तरांनी दोघांची पानं वाढून घेतली.