चार अँपियरचा स्विच

औलू शहरातल्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही पहाटेचे दिवे बनवतो. हिवाळ्याच्या अंधारात असा दिवा हळूहळू उजळत जातो आणि माणसाला उठवतो. त्या डिसेंबरात मात्र आमचा नवा दिवाच पेंगत होता. लागायचा, मिनिटभरात विझायचा, थंड झाला की पुन्हा लागायचा.

दोष त्यातल्या इवल्याशा स्विचचा होता, एवढं मला कळत होतं. वीज जास्त वाहू लागली की तो अडवतो आणि तार वाचवतो. पण तो निवडायचं काम माझं कधीच नव्हतं. एकोणीस वर्षं ते ताइस्तोने केलं, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून. तीन वर्षांपूर्वी तो मुलीकडे ट्रोम्सोला गेला. निघताना त्याने हात पुढे केला. मी गडबडून त्यात कॉफीचा कप दिला. बोलायचं राहूनच गेलं.

शेवटी मी फोन लावला.

"हिल्का? जिवंत आहेस होय अजून?"

"तुला पोचवल्याशिवाय कशी मरेन?"

तो हसला. मी अडचण सांगितली. मीटर पाऊण अँपियर दाखवत होता, म्हणून मी एक अँपियरवर अडवणारा स्विच लावला होता.

"अगं, मीटर सरासरी सांगतो. तुझा दिवा मंद दिसतो, पण वीज झटक्याझटक्याने घेतो, सेकंदाला हजारदा. प्रत्येक झटका पुरा असतो. स्कोप लावून बघ."

मी लावला. त्याच्या पडद्यावर विजेच्या आलेखाचे उंच दात उमटले.

"काय दिसतंय सांग."

"फोटोच पाठवते ना."

"फोटो नको. डोळे गेलेत माझे. दोन वर्षं झाली. कडेकडेचं थोडं दिसतं, बास."

दोन वर्षं मी त्याला नाताळची पत्रं पाठवत होते, बारीक अक्षरात. ती त्याच्या मुलीने वाचून दाखवली असणार.

"सांगतेस ना?"

"भिंतीसारखं सरळ चढतं," मी म्हटलं. "तीन अँपियरपर्यंत. मग सपाट. मग धपकन खाली, आणि बराच वेळ काहीच नाही."

"तार किती सोसते?"

"पाच."

"मग चारचा घे. चारचा म्हणजे नेमका चारवर अडवेल असं नाही, थोडं इकडेतिकडे होणारच. पण दोन्हीकडे जागा राहते."

नवा स्विच गुरुवारी आला. शुक्रवारी दुपारपर्यंत दिवा एकदाही विझला नाही. मी पुन्हा फोन केला.

"चालतोय."

"छान. आणखी काही?"

"काही नाही."

"मग ठेव."

मी ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही.

"तुझ्या टेबलावर मी कुणाला बसू दिलेलं नाही," मी म्हटलं.

"वेडी आहेस." मग हळूच, "खिडकीबाहेर काय चाललंय?"

मी सांगत बसले. गोठलेली नदी, तिच्यावरून स्की घालून चाललेली एक बाई, मागे रेंगाळणारा तिचा कुत्रा. त्यानंतर दर शुक्रवारी मी त्याला काहीबाही सांगत राहिले. फोन ठेवल्यावर शेजारची खुर्ची आणखीच रिकामी वाटायची.

एप्रिलमध्ये मी रजा काढली आणि ट्रोम्सोला गेले. बस थांबली तेव्हा तो थांब्यावर उभा होता, टोपी हातात घेऊन, तोंड भलत्याच बसकडे.

"इकडे," मी म्हटलं.