खारं ते खारंच

माझ्या सासूबाईंचं माहेर वरूडचं. संत्र्याच्या बागा, गोड पाण्याच्या विहिरी. ही माहिती मला एकदा दिली असती तरी पुरली असती, पण सासूबाईंना, म्हणजे आशाबाईंना, ती रोज सांगावी लागते, आणि तिच्या पाठोपाठ माझं माहेर निघतं. माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीखालचं पाणी खारट. प्यायच्या पाण्यासाठी नळाची वाट बघायची, आणि विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली तर चुलीतलं सरपण संपतं पण डाळ शिजत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातचं वरण जरा घट्ट झालं, तर सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "खारपाणातली पोरगी हाये बाप्पा, तिले वरण कुठून येईन? तिकडं शिजतच नाई!"

पाहुणे हसले. माझा नवरा शिवमही हसला. तेव्हापासून सासूबाईंचं आणि माझं जमत नाही. जमवायच्या भानगडीत आता आम्ही दोघीही पडत नाही.

आम्ही अमरावतीला राजापेठेत राहतो. मी एका क्लासमध्ये गणित शिकवते. क्लासवरून घरी येताना शाकीबचं मासोळ्यांचं दुकान लागतं. तिथं एका वेगळ्या टाकीत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे होते. बाकीच्या टाक्यांत गर्दी, आणि हे दोघं मात्र ऐटीत. मी विचारलं, "यांना त्या मोठ्या टाकीत का नाही ठेवत?"

शाकीब फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "ते समुद्राचे हायेत मॅडम. गोड पाण्यात मरतात."

गोड पाण्यात मरतात! हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी तिथंच ठरवलं. आमच्या तालुक्याच्या नावात दर्या आहे, पण खरा दर्या मी पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. खाऱ्या पाण्यातही देखणं काहीतरी जगतं, आणि गोड पाण्यात टाकलं तर मरतं, हे मला त्या घरात रोज डोळ्यांसमोर हवं होतं.

शाकीबनं मला परावृत्त करायचा पुरेपूर प्रयत्न केला. "पहिल्या खेपेला सगळेच मारतात," असं त्यानं तोंडावर सांगितलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर तो एका रविवारी लहानशी टाकी घेऊन घरी आला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सासूबाईंची प्लास्टिकच्या फुलांची कुंडी होती, ती मी उचलून गॅलरीत ठेवली. सासूबाई सोफ्यावर बसून सगळं बघत होत्या. एखाद्याच्या घरी जप्ती आल्यावर शेजारी बघतात तसं.

शाकीबनं सांगितलं की पाणी फिल्टरचंच घ्यायचं. त्यात पिशवीतलं समुद्री मीठ विरघळवायचं, घरचं मीठ चालत नाही. खारेपणा मोजायचा एक काटा असतो, तो खुणेवर आला की पाणी तयार. मग वाळू, भोकाभोकांचे दगड, पाणी फिरवणारा पंप आणि हीटर.

"गाव कोणतं तुमचं?" त्यानं मध्येच विचारलं.

"दर्यापूरकडचं."

"मग एक ध्यानात ठेवा. गावचं पाणी आणू नका हां. खारं हाये म्हणून कोणी तरी आणतेच. ते समुद्राचं खारं नाई. सगळे मरतीन."

सासूबाई टाळी वाजवून हसल्या. "ऐकलं का शिवम? मासोळ्यालेई चालत नाई हिच्या माहेरचं पाणी!"

शिवम आतून म्हणाला, "हं." माझ्या नवऱ्याच्या मते त्याच्या आईचंही बरोबर असतं आणि बायकोचंही बरोबर असतं. असा माणूस घरात असला की भांडण मिटत नाही, मुरतं.

पुढचा महिनाभर त्या टाकीत एकही मासा नव्हता. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात, तेच पुढं माशांची घाण पचवतात, त्यांच्याआधी मासा टाकला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. हे मी सासूबाईंना समजावलं, ही माझी चूक. त्यांनी ते गल्लीभर समजावलं. "आमच्या सुनेनं दगड पाळले," असं सांगून त्या बायकांना टाकी बघायला बोलवायच्या. एक बाई तर खरंच वाकून म्हणाली, "बरे दिसतात." मी रोज काटा बघायची, उडालेल्या पाण्याच्या जागी फिल्टरचं पाणी टाकायची, आणि गप्प राहायची. गप्प राहणं मला शोभत नाही, पण राहिले.

शेवटी मासे आले, आणि त्यांच्यासोबत लाल-पांढऱ्या अंगाचा एक झिंगा. पहिल्याच दिवशी तो दगडाच्या भोकात शिरून मिशा हलवत बसला. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंनाही हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि शिवमला समोर बोलावून म्हणाल्या, "हे पाय, मेलेलं मी घरात ठेवत नाई. यातलं एक जरी मेलं, तर हा टब त्याच दिवशी घराबाहेर. मंजूर हाये का दोघायले?"

शिवमनं मान हलवली. मी म्हटलं, "मंजूर." मला टाकीचा भरवसा होता. सासूबाईंचा भरवसा धरायला नको होता, तो मी धरलाही नव्हता. पण बाबांचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही.

माझे वडील सूर्यभान. फोनवर मी त्यांना कौतुकानं सांगितलं होतं की मीठ टाकून पाणी खारं करावं लागतं. ते केवढ्यांदा ओरडले! "इकत मीठ आणून पाणी खारं करून राहिली? बाप मेला काय तुहा? आपल्या हिरीत काय कमी हाये?" मी हसून म्हटलं, "राहू द्या बाबा." ते पाणी माशांनाही चालत नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्या पाण्यापायी त्यांनी जन्मभर ऐकून घेतलं आहे. मुलीच्या लग्नातसुद्धा ऐकलं.

परवा मी क्लासवरून घरी आले तर दारात बाबांच्या चपला, आणि चपलांशेजारी पाण्याच्या दोन मोठ्या कॅन. एक रिकामी, दुसरी भरलेली. मी धावत आत गेले.

बाबा टाकीपुढं खुर्ची टाकून बसले होते. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. चेहरा असा, की माझ्या लग्नातही मी तो इतका खुललेला पाहिला नव्हता.

"आली का प्रतीक्षा? पाय, अर्धं बदलून टाकलं. चव घेऊन पायली, तुहं पाणी जरा जास्तच खारट झालतं. आता बराबर लागलं."

भाजीत मीठ जास्त झाल्यावर करतात तसं बाबांनी समुद्राचं पाणी दुरुस्त केलं होतं.

काटा तळाला गेला होता. झिंगा वाळूवर आडवा पडला होता, त्याच्या मिशा पंपाच्या पाण्यानं हलत होत्या. मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून भराभर श्वास घेत होते.

"आमच्या भागात पयले समुद्रच होता म्हंतात," बाबा सांगत होते. "म्हंजे हे त्याचंच पाणी झालं. लोकं हिणवतात, पण शेवटी कामी आलंच ना! मी इहीनबाईले इचारलं पयले, टाकू का म्हून. थ्या म्हणाल्या, टाका की, खारं थे खारंच!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, त्याच जागेवर, जिथं बसून त्यांनी शाकीबचं बोलणं ऐकलं होतं आणि टाळी वाजवली होती. नजर चुकवण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

"झिंगा मेलेला दिसते," त्या म्हणाल्या. "काहून मेला असंन, सांग ना तुह्या बाबाले."

सगळा डाव मला तेव्हा कळला. खरं सांगितलं तर बाबांच्या हातून मेला, आणि तेही त्यांच्या पाण्यानं. त्या पाण्याला पहिल्यांदाच इज्जत मिळाली होती, ती मी माझ्याच तोंडानं काढून घ्यायची. खोटं सांगितलं तर दोष माझ्यावर येतो आणि टाकी वाद न घालता जाते. सासूबाईंना दोन्ही चाललं असतं.

बाबा उठून उभे राहिले होते. "मेला? माह्या पाण्यानं?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी सकाळी हीटर बंद करून गेले. गारठून मेला. तुमचं पाणी चांगलं आहे."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि पुन्हा खुर्चीत बसले. "मले भेवच वाटलं. ध्यान ठेवत जाय माय, मुका जीव हाये."

"टब आजच जाईन," सासूबाई म्हणाल्या.

"जाईल," मी म्हटलं.

शिवम आल्यावर त्यानं मासे पिशवीत घालून शाकीबकडे नेले. जगतील की नाही ते शाकीब सांगू शकला नाही. टाकीही बाहेर गेली. बाबांना मी सांगितलं, दुरुस्तीला गेली. अंधार पडायच्या आत सासूबाईंची प्लास्टिकची फुलं कोपऱ्यात परत आली होती.

बाबा मुक्कामाला होते. स्वयंपाक माझ्याकडे होता. मी दारातली भरलेली कॅन ओढत स्वयंपाकघरात आणली, तुरीची डाळ धुतली, आणि कुकरमध्ये कॅनमधलंच पाणी ओतलं. एरवी घेते त्याच्या दुप्पट शिट्ट्या घेतल्या, कोणी आळशी म्हणायला नको. वर हिंग-जिऱ्याची फोडणी दिली.

चौघं जेवायला बसलो. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचं चावणं थांबलं. माझ्याकडे बघितलं. मी बाबांना भात वाढत होते.

"आज वरण कडक का लागतंय?" शिवमनं विचारलं.

"कडक कुठं, जावईबापू?" बाबांनी भुरका मारला. "मस्त झालं. अगदी घरच्यावानी!"

"घरचंच पाणी आहे बाबा," मी म्हटलं. "तुमच्या कॅनमधलं. वाया कशाला घालवायचं? आईच म्हणाल्या ना तुम्हाला, खारं ते खारंच."

बाबांनी मोठ्या प्रेमानं विहिणीकडे बघितलं. सासूबाईंनी पाणी वाईट म्हणावं, तर मग दुपारी 'टाका' कशाला म्हटलं? त्यांनी घास कसाबसा गिळला.

मी पळी भरून त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं. "घ्या ना आई. तुमचं काहीच झालं नाही."

बाबांचे डोळे भरून आले होते. "इहीनबाईले आवडलं म्हंजे झालं. इतके वर्स मले वाटे, आमच्या पाण्याले इथं कोणी इचारत नाई. पुढल्या खेपेले चार कॅना आणतो."

"आणा बाबा," मी म्हटलं. "आईंना रोज लागेल."