विटकरीच्या भुकटीतलं बोट

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समोर एक लाकडी पाटी आहे आणि तिच्यावर विटकरीची लाल भुकटी पसरली आहे, असे समजा. आता बोट टेकवा. काढलेत अक्षर? मग फुंकर घाला. गेले ना? माझे आयुष्य असेच गेले. मी एक जुनी धूळपाटी आहे. माझ्या अंगावर कधी काही टिकले नाही, म्हणून मलाही कधी स्वस्थ बसवले नाही.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. सरकारी मदरशात उर्दू चाले. मराठी शिकायचे तर धर्मापुरीच्या देवळाच्या ओसरीवर, पंतोजींकडे. सटवा सुताराने मला आंब्याच्या फळीतून तिथल्या मुलांसाठीच घडवले. पंतोजी मुलाचा हात आपल्या मुठीत धरून माझ्यावर अक्षरे गिरवून घेत. पोरे बेंबीच्या देठापासून ओरडत आणि माझ्या कडांना खाज सुटे. पुढे दगडी पाट्या आल्या. मला त्याच गावच्या शहादेवांनी घरी नेले आणि रांजणावर झाकण म्हणून ठेवले. खाली गार पाणी, वर उपडा तांब्या. बोटाचा स्पर्श नाही. फार कंटाळले मी.

तिथून मला वत्सलाने काढले. ती शहादेवांची अकरा वर्षांची धाकटी लेक, पंतोजींकडे शिकलेली. लग्न झालेले होते. दिवाळी झाली की ती माजलगावकडे सासरी जाणार होती. थोरल्या बहिणीचे, भिवराचे, पत्र चावडीवर आले होते, ते सुंदरराव कुलकर्ण्यांनी तिथेच मोठ्याने वाचले होते. सासू उपाशी ठेवते, हे आईच्या आधी गावाला कळले. विहिरीवर बायका हसल्या. म्हणून वत्सलाने ठरवले, आपण जायच्या आत आईला अक्षरे आली पाहिजेत, म्हणजे आपली पत्रे ती स्वतःच वाचील.

"माय, बस हितं."

"भाकरी कोण थापील? तुझी सासू?" तिची आई केशरबाई कुरकुरल्या, पण बसल्या.

वत्सलाने पंतोजींसारखाच आईचा हात मुठीत धरला. अक्षरे सुरेख उमटू लागली. मी हरखून गेले. पण हात सोडला, की केशरबाईंचे बोट भुकटीत रुतून बसे. हे रोज चालले. दारासमोर पणत्या वाळत पडल्या, तरी तेच.

दिवाळीही झाली. एके दिवशी वत्सला चिडली. "कावून गं माय, का येत न्हाई? आत्ता तर किती चांगलं लिवलंस!"

"म्या कुठं लिवलं? तूच लिवलंस. माझं बोट नुसतं तुझ्या मागं आलं, दाव्याला बांधलेल्या वासरावानी."

वत्सला माझ्यावरून उगीच हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "माय, पंतोजी मला शिकवता शिकवता पेंगले होते एकदा. त्यांचा हात सुटला. मी लई भ्याले. मग एकटीनंच काढलं. वाकडं आलं, पण माझं होतं."

"मग मला कावून धरून बसलीस?"

"तुझं वाकडं मला बघवत न्हाई गं. आन दिवसबी सरलेत."

मित्रांनो, तुम्हीही उद्या कोणाला तरी शिकवाल. धाकट्या भावाला, शेजारच्या पोराला. तेव्हा त्याचे बोट त्याचेच राहू द्या. शिकवणाऱ्याला सर्वांत जड जाते ते हेच.

दुसऱ्या दिवशी सासरची गाडी दारात आली. बैल सोडले, पाहुणे जेवायला बसले. वत्सला आईला ओढत माझ्याकडे घेऊन आली. "माय, माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढ. मी तुझ्या हाताला शिवणार न्हाई."

केशरबाईंनी बोट टेकवले. 'व'चे पोट बरे आले. पण दांडा खाली यायचा, तो भलतीकडेच निघाला. वत्सलाचा हात झटकन पुढे आला आणि माझ्या कडेशी थांबला.

"सांग की गं!" आई म्हणाली. "गाडी जुपतील आता."

केशरबाईंनी स्वतःच भुकटी सारखी केली आणि बोट पुन्हा टेकवले. बाहेर शहादेव हाका मारत होते. वत्सलाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ती तशीच बसून राहिली.